मापापुरता माणूस

पेटी उघडली तेव्हा आधी गंधकाचा वास आला,
मग उंदरांचा.
हातोडा. अडकलेलं होकायंत्र. क्विनीनच्या बाटल्या, रिकाम्या.
आणि वह्या, ज्यांच्यावर आजोबांनी
स्वतःचं नाव दर वेळी नव्यानं लिहिलंय,
जणू मधल्या काळात कुणी ते पळवून नेणार होतं :
गॉटहेल्फ इर्मशर, आनाबेर्ग.

त्यांचा बाप खाणीत खोकत खोकत संपला.
त्यानं आयुष्यभर डोंगर आतून पाहिला, कंदिलाएवढा.
मुलानं ठरवलं, आपण वरून बघायचा.
मग फ्रायबेर्गची शाळा, उसना कोट,
दगडाला जीभ लावून ओळखायची परीक्षा.
आणि एकोणीसशे दोनच्या मार्चमध्ये हाम्बुर्गहून बोट.

लोमेला धक्का नव्हता.
लाटांतून होडीनं आणून वाळूवर टाकलं.
“बूट ओले, पेटी कोरडी,”
आईला पत्रात एवढंच.

वही दुसरी, पान चार :
ओझेवाले बावीस, गाढव एक. गाढवाचं नाव लीझल.
लीझल आठव्या दिवशी माशी चावून मेली.
तिच्यावर अर्धं पान आहे, तिचे कानही काढलेत.
पान नऊवर ओझेवाले एकोणीस.
तिघांचं काय झालं, ते मी पुढच्या मागच्या
सगळ्या पानांत शोधलं.

सतराव्या दिवशी बासारचे डोंगर.
मातीच्या भट्ट्या, दोन पुरुष उंच,
आणि नापो नावाचा म्हातारा
जो दगडावर दगड वाजवून कानाशी धरायचा.
हा मुका, म्हणायचा. हा बोलतो. हा खोटं बोलतो.
आजोबांनी खिशातून चिनीमातीची पांढरी फरशी काढली,
नापोनं निवडलेला खडा तिच्यावर घासला.
आमच्याकडे आई म्हणायची,
आजोबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.
काळ्या दगडानं ओढलेली रेघ मात्र लाल निघाली,
ओली वाटावी इतकी लाल.
दगड वरून कसाही दिसो,
आजोबांनी समजावलं, घासला की खरा रंग कळतो.

नापोनं फरशी हातात घेतली, उलटी केली, नखानं खरवडली.
त्याचा प्रश्न ग्बाती दुभाष्यानं
तीन भाषांतून वळवत वळवत आणला :
आणि ह्या पांढऱ्याला घासलं, तर कोणता रंग येतो?

प्रश्न वहीत आहे. तारीख आहे, तापमान आहे.
खाली दोन ओळी जागा सोडली आहे.

मग अहवाल. अहवालात अक्षरसुद्धा वेगळं :
लोखंड शेकडा पासष्ट. रेल्वे आल्यास किफायतशीर.
मजूर मुबलक.
स्थानिक भट्ट्या, निरुपयोगी.

निरुपयोगी भट्टीतल्या लोखंडाची एक कुदळ
त्यांनी सामानात घरी आणली होती.
तीस वर्षं आम्ही बटाटे तिनंच काढले.
युद्ध झालं, वसाहती गेल्या, पैशाचा कागद झाला,
रेल्वे काही त्या डोंगरापर्यंत गेली नाही.
आजोबा शेवटी शेवटी दारातल्या पायरीलाही
हातोडीनं ठोकून कान लावत.
आजीला वाटायचं, डोकं फिरलं.
कुदळ अजून परसात आहे. पावसात राहते. गंजत नाही.

पेटीच्या तळाशी एक फोटो.
डोंगराचा तुटका कडा, थरावर थर,
आणि पायथ्याशी एक माणूस, हातात काठी.
मागे पेन्सिलीनं : मापासाठी. एक मीटर सत्तर.
म्हणजे कडा सोळा माणसांएवढा.
मी पट्टी लावून मोजला, हिशेब बरोबर आहे,
आजोबांचं काम चोख होतं.
आता ते माप माझ्या पदरात आहे आणि कुठे ठेवावं कळत नाही.

भिंग धरलं तर दिसतं,
तो कॅमेऱ्याकडे बघत नाहीये.
चौकटीच्या डाव्या कडेला, बाहेर, कुणीतरी आहे.
त्यानं त्याला हाक मारली असावी.
नावानं.